एकतीस गुणांचं कॅबिनेट

एका जंगलात, मुलांनो, राजा नव्हता. दचकू नका. जागा होती, पण रिकामी होती. सिंहाची बदली होऊन तीन पावसाळे लोटले होते आणि नवा सिंह कधी येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तोवर दौलतराव नावाचा एक गवा 'प्रभारी' म्हणून कारभार बघत असे. तो दिवसभर पिंपळाखाली बसून रवंथ करी. लांबून बघणाऱ्याला वाटे, साहेबांचा विचार चालला आहे.

त्या जंगलातून एक नदी वाहत होती. नदीच्या वरच्या अंगाला माणसांचं धरण होतं. माणसं मनाला येईल तेव्हा धरणाचे दरवाजे उघडत, आणि खाली कोण राहतं याची चौकशी करत नसत. खाली, नदीकाठच्या सखल भागात, खालची आळी होती. तिथे ससे, मुंगसं, घोरपडी आणि एक साळिंदराचं कुटुंब बिळं करून राहत.

या साळिंदराचं नाव तुळाजी. जंगलात काहीही मोडलं की ते तुळाजीकडे जाई. त्याला हत्यारं विकत घ्यावी लागत नसत. पाठीवरच्या एका काट्याने तो स्क्रू पिळी, दुसऱ्याने तारा चाचपून बघे, आणि तिसरा काटा, बरोबर एक फूट लांब, माप घ्यायला वापरी. हात चांगला होता. तोंड मात्र जरा कमी होतं. खरं बोलायची वेळ आली की त्याचा आवाज खाली जाई आणि तो स्वतःच्याच पायांकडे बघत बोले. तुमच्या वर्गातही असा एखादा असेल.

गेल्या वर्षी धरणाचे दरवाजे भर दुपारी उघडले. तुळाजी तेव्हा कामाला वर गेला होता. त्याची बायको सगुणा दोन पिल्लांना घेऊन कशीबशी बाहेर पडली. तुळाजीची म्हातारी आई बिळातच राहिली. तुळाजी त्याबद्दल कोणाशी बोलत नसे, पण त्याला फार वाईट वाटत असे. तेव्हापासून त्याला या जगात एकच गोष्ट हवी होती. पाणी येण्याआधी ओरडणारं काहीतरी.

म्हणून त्याने सभेपुढे मागणी ठेवली. एक संगणक आणायचा. त्याच्या पाच तारा नदीत पाच ठिकाणी सोडायच्या. पाणी चढू लागलं की संगणकाला कळेल आणि तो भोंगा वाजवेल. सभेला नदीत फारसा रस नव्हता. पण 'संगणक' हा शब्द फलकावर चांगला दिसतो, म्हणून मागणी मंजूर झाली आणि डोमकावळ्याच्या हस्ते शहरातून एकेक वस्तू येऊ लागली.

त्यात मदरबोर्ड आला. मदरबोर्ड म्हणजे काय, ते ऐका. संगणकात एक मोठी हिरवी पाटी असते. बाकी सगळं तिच्यावर बसतं. विचार करणारा भाग तिच्यावर, आठवण ठेवणारा भाग तिच्यावर, पंखा तिच्यावर. तुळाजीने मागवलेला बोर्ड एक फूट लांब आणि साडेनऊ इंच रुंद होता. लहान बोर्डही मिळतात, सात इंच चौरस. पण त्यांना बाहेरून जोड लावायला एकच खाच असते, आणि नदीच्या पाच तारांना पाच खाचा लागत होत्या. तुळाजीने ते आधीच पाहून ठेवलं होतं.

हा बोर्ड ज्या पेटीत बसवतात तिला कॅबिनेट म्हणतात. कॅबिनेटच्या आत पितळेची छोटी बोंडं असतात आणि बोर्डाला भोकं असतात. भोकं बोंडांवर बरोबर यावी लागतात. मोठ्या बोर्डाला मोठं कॅबिनेट, लहानाला लहान. एवढंच शास्त्र आहे. बघा, तुम्हालासुद्धा लगेच समजलं. सभेला मात्र ते समजायला वेळ लागणार होता, कारण सभेत सगळी मोठी माणसं होती. म्हणजे, मोठी जनावरं.

कॅबिनेट यायचं होतं, तोवर तुळाजीने बोर्ड एका आंब्याच्या फळीवर मांडला, तारा जोडल्या आणि एक तार पाण्याच्या बादलीत बुडवली. भोंगा असा किंचाळला की शेजारचा ससा बसल्या जागी कोलमडला. तुळाजी आनंदाने स्वतःभोवती गोल फिरला. ससा शुद्धीवर आल्यावर तोही फिरला.

दुसऱ्या दिवशी तो सभेपुढे जाऊन उभा राहिला.

"मालक, बोर्ड चालतोय. आता फकस्त एक कॅबिनेट मागवा. पत्र्याचं, काळं, कसलंबी चालंल. फूटभर बोर्ड आत मावला पायजे, येवढंच बगायचं."

दौलतरावांनी रवंथ थांबवला. "एवढंच?"

"व्हय, मालक."

दौलतरावांना हे आवडलं नाही. एवढंच बघायचं असेल तर सभा कशाला भरवली, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मोराकडे पाहिलं. चित्रसेन मोर हा सौंदर्य समितीचा अध्यक्ष होता. समितीत दुसरं कोणी नव्हतं, कारण दुसरं कोणी त्याला पुरेसं सुंदर वाटलं नव्हतं.

मोराने शहरातून आलेलं एक चकचकीत चोपडं उघडलं. "अहाहा! हे बघा, साहेब. चारी बाजूंनी काच. आत सात रंगांचे दिवे, आणि ते आळीपाळीनं बदलतात. किती नाजूक, किती सुबक! उद्घाटनाला तुम्ही याच्या शेजारी उभे राहिलात ना, की तुमच्या शिंगांवर जांभळा प्रकाश पडेल."

दौलतरावांनी आपली शिंगं मनातल्या मनात एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून पाहिली. "जांभळाच पडतो?"

"हिरवाही पडतो."

तुळाजी पुढे सरकला आणि चोपड्यात वाकून बघू लागला. "मालक, ह्यात सात इंची बोर्ड बसतो, असं हितं खाली बारीक अक्षरात लिवलंय."

"बारीक अक्षरातलं महत्त्वाचं असतं," मोर म्हणाला, "तर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं नसतं का?"

सभेला हे पटलं. तुळाजी पायांकडे बघत "तसं न्हवं..." म्हणाला, पण ते त्याच्या पायांनीच ऐकलं.

आता या जंगलाची एक रीत सांगायला हवी. तिथे कुठल्याही दोन वस्तू एकमेकींना जोडायच्या झाल्या, तर आधी त्यांच्या पत्रिका जुळवत. झाकण आणि मडकं, कडी आणि कोयंडा, सगळ्यांच्या पत्रिका होत्या. एकदा विहिरीच्या बादलीला दोर बांधायचा होता, तर दोराला मंगळ निघाला. अठरा दिवस बादली बिनदोराची राहिली, आणि पाणी विहिरीत राहिलं. पण अनिष्ट काही घडलं नाही, असं सगळे समाधानाने सांगत.

पत्रिका बघायचं काम पिंगळागुरुजींचं. पिंगळा म्हणजे लहानसं घुबड. गुरुजींचे डोळे इतके मोठे होते की त्यांना सगळं दिसतं, असा समज होता. त्यांनी मदरबोर्डाचा खोका मागवला आणि त्यावरची तारीख वाचली.

"जन्मतिथी मिळाली. जन्मवेळ?"

"कारखान्यात बनलाय जी," तुळाजी म्हणाला.

"मग सूर्योदय धरू. बरं, आता यात वधू कोण आणि वर कोण? जी दुसऱ्याच्या घरात जाते ती वधू. म्हणजे बोर्ड वधू, कॅबिनेट वर."

"पण नावात आई आहे ना?" पाठीमागून एका घोरपडीने विचारलं.

"प्रत्येक आई आधी वधूच असते," गुरुजी म्हणाले, आणि घोरपडीला आपलंच बोलणं उथळ वाटू लागलं.

गुरुजींनी मातीत बारा घरं आखली. काळ्या पत्र्याच्या मोठ्या कॅबिनेटशी फक्त नऊ गुण जुळले. नाडही एकच निघाली. शिवाय पत्रा म्हणजे लोखंड आणि लोखंड म्हणजे शनी, तेव्हा ते स्थळ तिथेच बाद झालं. मग काचेचं कॅबिनेट घेतलं. गुरुजी बोटं मोजत गेले आणि त्यांचे डोळे आणखी मोठे होत गेले.

"छत्तीसांपैकी एकतीस! यजमान, हा योग सोडू नका."

सभेने टाळ्या वाजवल्या. ज्यांना पंजे नव्हते त्यांनी शेपट्या आपटल्या.

आठ दिवसांनी कॅबिनेट आलं. खरोखरच देखणं होतं, खोटं कशाला बोला. साखरपुड्यासाठी ते पिंपळाच्या पारावर ठेवलं होतं. तुळाजी गुपचूप जवळ गेला, पाठीवरचा मापाचा काटा उपसला आणि कॅबिनेटला लावला. काटा निम्म्याच्या आसपास बाहेर आला.

"अरे, अरे, अरे!" दौलतराव ओरडले. "साखरपुड्याला आलेल्या मुलाला काठी लावून मोजतोस? काय म्हणतील त्याच्याकडचे?"

कॅबिनेटकडचे म्हणून डोमकावळा एकटाच आला होता. पण त्याने लगेच तोंड फुगवलं, कारण वराकडच्यांना तेवढं करावंच लागतं. त्याची समजूत काढायला दोन नारळ आणि एक पागोटं लागलं. तुळाजीने काटा परत पाठीत खोचला.

घरी आल्यावर सगुणाने विचारलं, "मग सांगितलं का न्हाई, बसत न्हाई म्हून?"

"सांगितलं."

"कसं सांगितलं?"

"हळू."

सगुणाने दोन्ही पिल्लांना बिळाच्या तोंडाशी झोपवलं. गेल्या वर्षीपासून ती त्यांना आत खोल झोपवत नसे. तुळाजीने ते पाहिलं आणि त्याचा जीव तुटला.

जोडणीचा मुहूर्त सकाळी अकरा बेचाळीसचा निघाला. पारावर मांडव घातला. एका बाजूला काचेचं कॅबिनेट, दुसऱ्या बाजूला पाटावर मदरबोर्ड, आणि मध्ये अंतरपाट. लग्नात हे कापड वधूवरांच्या मध्ये धरतात, हे तुम्हाला माहीत आहे. इथे ते चारही बाजूंनी धरलं होतं, कारण जोडणीचं काम खासगी असतं असं गुरुजींचं म्हणणं. कापडाच्या आत फक्त तुळाजी. बाहेर मंगलाष्टकं. ती मोर म्हणत होता. मोराचा आवाज तुम्ही ऐकला असेल, तेव्हा त्याबद्दल मी काही बोलत नाही.

तुळाजीने बोर्ड उभा घालून पाहिला. बसला नाही. आडवा घालून पाहिला. कोपऱ्यातून तिरपा सारला, तेव्हा एक बाजू आत गेली आणि उरलेली बाहेर राहिली. तुम्ही माळ्यावर पलंग चढवताना मोठ्यांना पाहिलं असेल, तशी त्याची गत झाली. बाहेर चौथं मंगलाष्टक सुरू झालं.

तुळाजीला घाम फुटला. 'बसत न्हाई' असं ओरडावं, एवढंच करायचं होतं. त्याने तोंडही उघडलं. पण बाहेर अख्खं जंगल नटून उभं होतं, आणि दौलतराव शिंगांना तेल लावून जांभळ्या प्रकाशाची वाट बघत होते. ओरडून काय होईल, हे तुळाजीला कळत होतं. दोष बोर्डाचा निघेल. बोर्ड परत जाईल. दुसरा बोर्ड येईपर्यंत धरणाचे दरवाजे थांबणार नव्हते.

मग त्याची नजर बोर्डाच्या रिकाम्या खोक्यावर गेली. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मदरबोर्डाचं रंगीत चित्र छापलेलं होतं. तुळाजीने काट्याने ते चित्र कापून काढलं आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये सारलं. चित्र सात इंचांत बरोब्बर बसलं. इतकं बरोब्बर बसलं की क्षणभर तुळाजीलाही गुरुजींबद्दल आदर वाटला.

खरा बोर्ड त्याने सागाच्या पानात गुंडाळून पोटाखाली लपवला, दिव्यांची तार जोडली आणि झाकण लावलं. दिव्यांना बोर्डाची गरज नव्हती. दिव्यांना कोणाचीच गरज नसते.

"शुभमंगल सावधान!"

अंतरपाट खाली आला. कॅबिनेट सात रंगांत झळाळून उठलं. दौलतरावांच्या शिंगांवर जांभळा प्रकाश पडला आणि ते हिरवा येईपर्यंत हलले नाहीत.

"कशी शोभून दिसतेय आत," मोर चित्राकडे बघून म्हणाला. "चोपड्यात होती, अगदी तश्शी!"

त्या दुपारी तुळाजीने खरा बोर्ड नेऊन टेकडीवर माणसांनी सोडून दिलेल्या मोडक्या चौकीत ठेवला. चौकीच्या छपरावर उन्हावर वीज करणारी पट्टी अजून शाबूत होती. तीच आंब्याची फळी, तेच भाग, नदीतून आलेल्या पाच तारा आणि वर भोंगा. धूळ बसू नये म्हणून त्याने एक जुनी टोपली पालथी घातली. रोज एकदा तो जाऊन मुंग्या झटकून येई. हे त्याने फक्त सगुणाला सांगितलं होतं.

महिन्याभराने, ऐन दुपारी, माणसांनी धरणाचे दरवाजे उघडले.

भोंगा वाजला. पहिली लाट वळणावर यायच्या कितीतरी आधी वाजला, आणि वाजतच राहिला. खालची आळी जागच्या जागी उठली. सशांनी पिल्लं उचलली, मुंगसांनी म्हाताऱ्यांना पुढे घातलं, घोरपडी एरवी सावकाश चालतात त्याही धावल्या. पाणी बिळांत शिरलं तेव्हा बिळांत कोणी नव्हतं. तुळाजीने टेकडीवर सगळ्यांची मोजदाद केली. पुन्हा केली. एकही जीव कमी नव्हता. मग तो एका बुंध्याला टेकून बसला आणि रडला. त्याला आई आठवली, पण तो नुसता दुःखाने रडत नव्हता.

पाणी ओसरल्यावर पारावर सत्कार ठरला. कॅबिनेटचा.

निघताना सगुणा म्हणाली, "हे बगा, कायबी बोलू नगा. आळी वाचली, तेवढं पुरं."

"न्हाई बोलत," तुळाजी म्हणाला, आणि तो खरंच बोलणार नव्हता.

काचेला कुंकू लावलं. हार घातला. पिंगळागुरुजींनी एकतीसही गुण एकेक करून मोजून दाखवले आणि पुरात कोणता गुण कधी उपयोगी पडला ते सांगितलं. दौलतरावांनी त्या प्रकाशात उभं राहून भाषण केलं. तुळाजी मागच्या रांगेत बसून हसत होता. त्याला खरंच काही वाटत नव्हतं. शेवटी आभार मानायला मोर उठला.

"आणि हो," मोर म्हणाला, "स्क्रू पिळण्याचं किरकोळ काम तुळाजीनं केलं, त्याचाही उल्लेख करायला हवा."

त्या 'किरकोळ'ने घात केला. मुलांनो, माणूस मोठा अपमान गिळतो आणि लहान अपमान घशात अडकतो, साळिंदराचंही तसंच आहे. तुळाजीच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहिले. सगुणाने त्याचा पाय दाबला, पण तो उठलाच. आणि जन्मात पहिल्यांदा तो मोठ्याने बोलला.

"त्यो डबा रिकामा हाय! आत नुसतं चितार हाय पुठ्ठ्याचं! भोंगा माज्या बोर्डानं वाजवला, आन त्यो वर चौकीत फळीवर बसलाय. ह्या डब्यात त्यो कंदीच बसला न्हवता!"

मोराने काचेला डोळा लावून पाहिलं. चित्राचा एक कोपरा दमट हवेने सुटून वर आला होता.

तुळाजीला वाटलं, आता त्यांना लाज वाटेल. निदान हसू तरी येईल. पण दौलतराव खूप वेळ रवंथ करून अतिशय दुःखी आवाजात म्हणाले, "म्हणजे सून घरात नांदत नाही?"

सभेत हळहळ पसरली. "लग्नाच्या दिवसापासून बाहेर?" "एकटी?" "आणि उघड्या फळीवर?" ज्यांचे जीव त्या फळीने वाचवले होते, तेही माना हलवू लागले. असलं काही कानावर आलं की मान आपोआप हलते.

"तिला सन्मानानं घरी आणा," दौलतराव म्हणाले.

डोमकावळा जाऊन पाचही तारा तोडून बोर्ड उचलून घेऊन आला. बोर्ड पारावर कॅबिनेटशेजारी ठेवला, तेव्हा दोघांच्या मापातला फरक आंधळ्यालाही दिसला असता. गुरुजींनाही दिसला असावा.

"मालक, बसत न्हाई त्यो," तुळाजी म्हणाला. आवाज पुन्हा खाली गेला होता. "पाया पडतो. माप येगळं हाय."

"संसारात माप काढायचं नसतं, बाबा रे," गुरुजी म्हणाले. "थोडं जुळवून घ्यायचं असतं."

सगुणा पुढे आली. "मग डब्यानं घ्यावं की जुळवून. न्हाईतर डबा बदला."

सगळं जंगल शहारलं. "नवरा बदला म्हणते!" कोणीतरी म्हणालं. दोन सशांनी पिल्लांचे कान झाकले, आणि सशाचे कान झाकायला वेळ लागतो.

"बाई," गुरुजी शांतपणे म्हणाले, "सासर कधी बदलत नाही. येणारी बदलते. पहिल्यांदा जड जातं, मग सवय होते. कुठं जास्तीचं आहे, तेवढंच कमी करायचं."

भागाबाई नावाच्या घुशीला बोलावलं. ती कुरतडण्यात पटाईत होती आणि स्वभावाने गरीब होती. तिने पंजे पुसले आणि विचारलं, "कुठनं धरू?"

गुरुजींनी कुंकवाने बोर्डावर एक रेघ ओढली. पाचपैकी पाच खाचा रेघेच्या बाहेर पडल्या. तुळाजी धावत गेला आणि बोर्डावर आडवा पडला.

"तुळाजी," दौलतराव म्हणाले, "चारचौघांत तमाशा नको. पुरातून सगळे सुखरूप सुटलेत. आजच्या दिवशी अशुभ नको."

चौघांनी त्याला उचलून बाजूला केलं. काटे टोचू नयेत म्हणून पोटाकडून धरून उचललं, एवढी काळजी त्यांनी घेतली. भागाबाईने कुरतडायला सुरुवात केली. फार आवाज झाला नाही. पापड मोडावा तेवढाच झाला. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये गेला आणि झाकण लागलं. दिवे सुरू केले. ते पहिल्याइतकेच सुंदर लागले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकदा बादलीत तार बुडवून तरी बघू, मालक," तुळाजी म्हणाला.

"घरच्या सुनेची परीक्षा घ्यायची?" दौलतराव म्हणाले. "आपल्यात ती पद्धत नाही."

त्या दिवशी तुळाजी खालच्या आळीत दारोदार फिरला. आता भोंगा वाजणार नाही, वर राहायला चला, असं तो प्रत्येक बिळाशी वाकून सांगत होता. या वेळी तो मोठ्याने सांगत होता. सगळ्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"अवो, असं कसं वाजणार न्हाई?" बादलीच्या दिवशी कोलमडलेला ससा म्हणाला. "गेल्या टायमाला वाजला की. तवा तर सून घरातबी नव्हती. आता तर दोघं संगट हायेत."

तुळाजीला यावर उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर मला सांगा.

आळी हलेना, तेव्हा तुळाजीने पिल्लांना टेकडीवर नेऊन ठेवलं आणि स्वतः परत आला. नदीच्या वळणावर एक खडक होता. तिथून वरचं पाणी लांबवर दिसतं. त्याने एक पत्र्याचा तुकडा आणि एक दांडकं घेतलं आणि त्या खडकावर जाऊन बसला. दुरुस्तीची कामं त्याने सोडली. झाकणं मोडली, कड्या निसटल्या, लोक चिडले. येणारे जाणारे त्याला बघून म्हणत, चांगला कारागीर होता, डोक्यावर परिणाम झाला. दौलतरावांनी एकदा निरोप धाडला की नदीकडे असं टक लावून बसल्याने कॅबिनेटचा अपमान होतो, तेव्हा निदान पाठ करून बसावं.

चौथ्या दिवशी सकाळी सगुणा कंद घेऊन खडकावर आली. तुळाजीचे डोळे लाल झाले होते. त्याने कंद घेतला, पण खाताना नजर पाण्यावरून काढली नाही.

"किती दिस बसायचं आसं?" तिने विचारलं.

"दरवाजे उगडंपतूर."

"आन डोळा लागला तर?"

खाली आळीत सशांची पिल्लं उन्हात खेळत होती, आणि लांब पारावर दिवे जांभळ्याचे हिरवे होत होते. सगुणाने त्याच्या हातातून दांडकं काढून घेतलं आणि ती खडकावर त्याच्या शेजारी बसली.

"झोपा घटकाभर," ती म्हणाली. "मी बगते पाण्याकडं."

तात्पर्य : मुलांनो, कॅबिनेट घेताना मदरबोर्ड मोजत बसू नये. नंतर कापता येतो.